कंपायलरचं तोंड बांधलं तेव्हा

मित्रांनो, मला शोधू नका, मी दिसत नाही. मी एक जुना कंपायलर आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून द्यायचा आणि त्यात काही खटकले तर इशारा द्यायचा, एवढेच माझे काम. पुण्याहून सीडीवर बसून मी एसटीने किकवीच्या दूध संकलन केंद्रात आलो. शेजारच्या पिशवीत सुकट होती. प्रवासात तिचीच जास्त चर्चा झाली.

ते २००३ साल. केंद्रातली फिजा दुधाच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहीत होती. तिने मला शिस्त लावली होती: एकही इशारा निघाला तर प्रोग्राम तयार करायचा नाही. गावात एवढा अधिकार फक्त मला आणि वायरमनला होता.

मग दुधातले फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजायचे नवे यंत्र आले. सोबत कंपनीने आपला तयार कोड, म्हणजे लायब्ररी, दिली होती. फिजाने ती जोडताच मी शेकडो इशारे दिले. जवळजवळ सगळे कंपनीच्या ओळींवर. फिजाने फोन केला, तर कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, ते येतातच. बघू नका तिकडं."

"झालं का गं?" केंद्र चालवणाऱ्या हाशिमचाचांनी विचारले.

"चाचा, कंपायलर अडून बसलाय. दुसऱ्याच्या चुकांसाठी माझ्यावर वरडतोय."

"मग त्याचं तोंड बांध की! सकाळी दूध येनार. म्हशींना काय सांगू, थांबा म्हनून?"

फिजाने माझे सगळेच इशारे बंद केले. त्या गोंगाटात एक इशारा तिच्या स्वतःच्या ओळीवर होता: इथे दशांश गळतो आहे. तोही गेला.

सकाळी म्हशीचे दूध घालायला आलेल्या ठकुबाईंच्या पावतीवर फॅट आले पाच. साडेपाचाच्या खाली गेले की त्या केंद्रात दुधात पाणी समजत.

"मावशे, म्हैस नळाला बांधतीस व्हय?" रांगेतला बंडू म्हणाला. रांग हसली. हाशिमचाचांनी कॅन परत केली. ठकुबाई ती उचलून, कुणाकडे न बघता, सगळ्या रांगेसमोरून चालत गेल्या. मी आत बसून होतो. मला खरे माहीत होते.

एकाही पावतीवर दशांश नाही हे पाहून फिजा चरकली. तिने यंत्राच्या काचेवर पुढच्या दुधाचा आकडा पाहिला: सहा पूर्णांक चार. पावतीवर नुसते सहा. तिने कंपनीचा कोड वेगळ्या फोल्डरात ठेवला आणि मला बजावले, "हे परक्याचे, यावर बोलू नकोस. माझ्या ओळींवर मात्र काही सोडू नकोस." मी एकच इशारा दिला. तो वाचून ती रडली आणि मग तिने ती ओळ दुरुस्त केली. यंत्रातल्या नोंदीत ठकुबाईंचे फॅट पाच पूर्णांक नऊ होते.

हाशिमचाचा माफी मागायला त्यांच्या दारात गेले.

"हितं नको," ठकुबाई म्हणाल्या. "नाव समद्यांम्होरं घालवलंत. आन् बंडू तर म्हशीलाच बोलला. तिची मागा."

दुसऱ्या दिवशी त्या म्हैस घेऊनच आल्या. हाशिमचाचांनी टोपी सारखी केली आणि भर रांगेत म्हशीला म्हणाले, "चूक आमची. दूध चांगलं व्हतं." बंडूही खाली मान घालून तेच म्हणाला. म्हशीने मान फिरवली. कुणी हसले नाही.

तेव्हापासून ठकुबाई पावतीवरचा दशांश मोठ्याने वाचून घेतात आणि मगच कॅन उचलतात. इशारा परत सुरू करता आला, विश्वास नाही.

मित्रांनो, परक्याच्या चुका वेगळ्या ठेवा, पण त्यासाठी माझे तोंड बांधू नका. गप्प कंपायलर फार गुणी दिसतो. त्या सकाळी मीही तसाच दिसत होतो.