गुंगीतली शिवण

शिंपीबाबांचे हात झोपेत हलायला लागले तेव्हा सुनेने देवाला हात जोडले. हाडांत पसरलेल्या कॅन्सरने ओरडणारा तो जीव मॉर्फिनच्या गोळीने आत्ता कुठे निवला होता. आता बोटं मधूनच उडायची, मनगट झटका द्यायचं. तिला वाटलं, बाबा स्वप्नात कोट शिवतायत! जन्मभर सुई धरलेला हात, तो काय झोपेत गप्प बसणार? तिने शेजारणीला बोलावून दाखवलं.

"बघा, काजं करतायत."

"माझ्या पडद्यांना तेवढी टीप मारायला सांग गं!" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

रोज ओली होणारी चादरही कोरडी राहू लागली. धुणं वाचलं म्हणून तिला हायसंच वाटलं. हात फारच जोरात उडाले तर सून ती कळ समजायची. कळ आली तर जास्तीची गोळी द्यायची मुभा डॉक्टरीणबाईंनी दिलीच होती. ती द्यायची.

नणंद आली आणि बाबांजवळ जाताच किंचाळली, "वहिनी, अगं श्वास बघ बाबांचा! एक घेतला की दुसऱ्याची वाट बघावी लागतेय!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"लघवी होत होती?"

सुनेला कोरडी चादर आठवली.

"यकृतात मॉर्फिनचं रूपांतर होतं, पण जे तयार होतं ते लघवीवाटे बाहेर पडावं लागतं. यांची मूत्रपिंडं थकलीत. सगळं आतच साचलं. हात त्यानेच उडत होते."

"म्हणजे... शिवत नव्हते?"

"नाही हो."

"आणि तू लोकांना खेळ दाखवत बसलीस, शेजारीण सांगत होती," नणंद म्हणाली.

गोळी बंद झाली, सलाइन लागलं, उताऱ्याचं इंजेक्शन टोचलं. सुनेने देवाकडे एकच मागितलं, बाबांना डोळे उघडू दे. देवाने ऐकलं. डोळे उघडले, आणि पाठोपाठ कळही जागी झाली.

"सूनबाई, गोळी."

"दुसरं औषध देणारेत, बाबा. जरा दम धरा."

"तू तर कधी नाही म्हणत नव्हतीस!"

"ती गोळी आता चालत नाही तुम्हाला."

"मला चालत नाही की तुला द्यायची नाही?"

तिने पाण्याचा पेला पुढे केला. बाबांनी तोंड फिरवलं. जीव परत मागताना कळ वगळून मागायला हवा होता, एवढं तिला सुचलं नव्हतं. नणंदेने तिच्या हातातला पेला घेतला. लेकीच्या हातून बाबा घटाघट प्यायले.