नळीतली कुंभारीन

आमच्या घरी माह्यापेक्षा रायफलीचा लाड जास्त होता. खोटं नाई सांगत. आमचे हे दर आठवड्याले तिले मांडीवर घेऊन अंगनात बसायचे. गजाले चिंधी गुंडाळून नळीतून आरपार काढायचे, तेल लावायचे, मंग एक डोळा मिटून नळीतून उजेड पाहायचे. मी चिडवलं का म्हनायचे, नळीत चिंधीचा तुकडा जरी अडकून राह्यला तर गोळी बाहेर जात नाई, नळीच फुटते. बाजूच्या गावचा लटारू तसाच तर एका डोळ्यानं अन् अर्ध्या हातानं जगून राह्यला.

औंदा ह्यायले मलेरिया झाला अन् रायफल खुंटीवरच लटकून राह्यली. माही सासू, रुखमाबाई, तेवढी तिले फडक्यानं वरून पुसत होती अन् कोनाले हात लावू देत नोती. मले वाटलं, लेकाच्या मायेनं करून राह्यली.

धान लोंबीवर आला अन् रानडुकरं धानाच्या बांध्या तुडवाले लागली. डुकरं माराची वनखात्याची परवानगी आली, त्या दिवशी सासू चामोर्शीच्या बाजारात होती. हे तापातून उठून तसेच मचानीवर निघाले. रायफल मीच खुंटीवरून काढून देली. वरून लख्ख होती, म्हनून ह्यायनंही नळीत पाह्यलं नाई.

दिवस कलला तशी सासू आली अन् रिकामी खुंटी पाहून मटकन खाली बसली. म्हने, नळीत कुंभारनीनं घर केलं होतं. कुंभारीन म्हंजे ती मातीचं घर बांधनारी माशी. ती घरात आली का घरात पाळना हलते, असं आमच्याकडं मानतात. माशी माती घेऊन नळीत जाताना सासूनं पाह्यली होती, पन कोनी घर मोडू नये म्हनून तोंडातून एक शब्द काढला नाई.

"कसा शकुन होता माय, गेला," म्हनून ती रडाले लागली. ती शकुनासाठी रडत होती. मले दिसला तो लटारूचा गेलेला डोळा.

ह्यायले फोन लावला तर बंद. मचानीवर हे फोन बंदच ठेवतात. मी तशीच अनवानी धावली. नाल्याकाठच्या त्या वाटेवर वाघाचे पंजे उमटले होते, एरवी भरदुपारीही मी तिथून एकटी गेली नसती. बांधापाशी आली अन् पाय थबकले. ओरडलं तर ह्यायले वाटन मले वाघानं धरलं, अन् हे घाईत गोळी सोडतीन. गप राहून पुढं गेलं तर सळसळ ऐकून डुक्कर समजतीन. दोन्हीकडून घोडा दाबल्या जानार. मी उभ्या धानात शिरली. मचानीवरून नळी हळूहळू माह्याकडं वळली.

लग्न झाल्यापासून मी ह्यायचं नाव कधी घेतलं नोतं. तवा घेतलं. घरात मीठ मागावं तशा आवाजात.

"आदेश, मी हाय. बोट काढ."

मंग नळी खाली झाली.

हे खाली उतरले. मी सांगितलं तसं गोळी काढून नळीखाली खोचलेला गज आत घातला. बोटभर आत गज अडला. ठोकला तवा सुकी माती पडली, तिच्यात कुंभारनीच्या अळ्या अन् त्यायच्या खान्यासाठी तिनं भरून ठेवलेले अर्धमेले कोळी. हे रायफल बाजूले ठेवून बांधावर बसले.

"घोडा अर्धा दाबला होता," हे म्हनाले.

घरी सासूनं लेकाचं तोंड चाचपलं, दोन्ही हात उलटेपालटे करून पाह्यले. शकुनाचं नावही काढलं नाई. पुढच्या खेपेले हे गज घेऊन बसले तर तीच म्हने, "आन इकडं," अन् एक डोळा मिटून नळीतून उजेड पाहत बसली, उठेचना.

अजूनही घरात माशी गुनगुनली का आम्ही दोघी आधी खुंटीकडं पाहतो.