गाठीतली राख

या, जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, कारण ही जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात वारा पुष्कळ आहे. एका आगबोटीची गोष्ट, आणि त्याआधी समुद्र कधी जवळून न पाहिलेल्या दोन बायकांची. ऐकून झाल्यावर एक मागणं मागेन. तेवढं नाही म्हणू नका.

तर, कळशी कलंडली.

चिमाबाईने तिच्यामागे अंग टाकलं, पण बोट त्याच क्षणी दुसऱ्या अंगाला कलली आणि कळशी तिच्या हातांना हुलकावणी देऊन समोरच्या पेटाऱ्यावर आदळली. तोंडाला बांधलेलं फडकं सुटलं. उकळून निववलेलं पाणी फळ्यांवर पसरलं आणि बोट हेलकावेल तसं या भिंतीकडून त्या भिंतीकडे धावू लागलं. कळशी हाती आली तेव्हा चिमाबाईने ती वाकडी करून आत पाहिलं, मग उपडी धरली. काठावर एक थेंब लोंबकळला आणि पडला.

"सांडलं?" भिंतीशी वळकटीला टेकून पडलेल्या गुलाबबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"सांडलं, बाई."

"सगळं?"

चिमाबाई रिकामी कळशी मांडीत घेऊन बसून राहिली.

गुलाबबाई जुन्नरच्या बाजारपेठेतल्या कापडाच्या पेढीवरच्या. यजमान गेल्यावर त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं, गिरनारच्या नेमिनाथांचं दर्शन. तळेगावापर्यंत बैलगाडी, मग मुंबईपर्यंत आगगाडी, आणि मुंबईहून वेरावळची आगबोट. बोटीवर पाय ठेवल्यापासून दर्शन होईतो अन्न घ्यायचं नाही, असा त्यांनी नेम धरला होता. पाणी घ्यायचं ते घरी कामाला असलेल्या चिमाबाईने उकळलेलं, आणि तेही सूर्य असेतोवर. रात्रभराचा प्रवास, सकाळी बंदर. नेम काही अवघड नव्हता. पण कार्तिकात कधी नव्हे ते तुफान उठलं. वेरावळला बोट किनाऱ्याला लागत नसे, उतारूंना मचव्यांतून उतरवत. त्या लाटांत मचवे येणार कुठून? कप्तानाने बोट पुन्हा खोल पाण्यात नेली. वारा पडेतोवर किनारा नाही, असा त्याचा निरोप मजल्यामजल्यावर फिरला.

सकाळपासून गुलाबबाईंना उलट्या होत होत्या. पोटात अन्न नव्हतंच, अंगातलं पाणी तेवढं गेलं. ओठांना भेगा पडल्या होत्या. मघाशी चिमाबाईने त्यांच्या मनगटावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं, तर ते तसंच उभं राहिलं. पटकीच्या साली आपल्या गावी, घाटघरला, तिने अशी माणसं पाहिली होती. त्यांतलं एकही दुसरा दिवस पाहायला उरलं नव्हतं.

"चिमाबाई, काहीतरी कर गं!" पलीकडून गुलाबबाईंचा पुतण्या रिखबचंद म्हणाला. काकीला सांभाळून नेण्यासाठी म्हणून तो आला होता. आता स्वतःच घमेल्यात तोंड घालून बसला होता. "मला उभंसुद्धा राहवत नाही."

"तुमी बसा, रिखबशेठ. घमेलं सोडू नगा."

ती कळशी काखेत मारून निघाली. माणसांच्या अंगावरून, गाठोड्यांवरून, कुणाच्या खांद्याचा आधार घेत, कुणाची शिवी खात ती भंडाऱ्याच्या स्वयंपाकखोलीशी पोचली. भंडारी म्हणजे बोटीवरचा आचारी, रत्नागिरीकडचा म्हातारा. दारात पाय रोवून बसला होता.

"दादा, तांब्याभर पाणी उकळून द्या. म्हातारं माणूस हाय."

"चूल इजलेली हाय, बाय. कप्तानाचा हुकूम. निखारा उडाला तर बुडायच्या आधी जळू." त्याने टाकीच्या नळाकडे बोट केलं. "हे ने. गोडं पाणी हाय."

"कच्चं चालत न्हाई त्यांना."

"मग तुझी बाय लई शाणी हाय का दर्या?" म्हातारा म्हणाला, पण उठला, आणि कळशी अर्धी भरून देताना दुसऱ्या हाताने त्याने चिमाबाईला पडू दिलं नाही.

ती परतली तेव्हा रिखबचंद घमेलं घेऊनच तिच्याकडे सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, सांग तिला उकळलंय म्हणून. प्रायश्चित्त काय असेल ते मी घेईन. तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर ती विचारायचीसुद्धा नाही."

"म्हनून तर सांगवत न्हाई."

जुन्नरच्या त्या घरात पाणी चिमाबाईच्या हातचं होतं. दिवाळीनंतर कापणी उरकली की घाटघरची ही बाई उन्हाळ्यापर्यंत खाली जुन्नरला कामाला येई, अशी कितीतरी वर्षं. विहिरीचं पाणी आणायचं, दुहेरी गाळण्यातून गाळायचं, उकळायचं. आणि गाळण्यात जे राहिलं असेल, दिसो न दिसो, ते फडकं झटकायचं नाही. त्याच विहिरीत पायऱ्या उतरून हळूच धुवायचं. गुलाबबाई त्याला जिवाणी म्हणत. "जिथले जीव तिथं पोचले पाहिजेत," हा त्यांचा नेम. "तुमच्या किड्यांचं गुडघं शाबूत ऱ्हातील, माजं जातील," असं चिमाबाई रोज कुरकुरे, आणि रोज पायऱ्या उतरे. न उतरता उतरले म्हणून सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण एकदाही तसं झालं नव्हतं, आणि गुलाबबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

"कच्चं आहे?" आता मात्र त्यांनी विचारलं.

"कच्चं हाय."

"ठेव मग बाजूला."

एक लाट गोल खिडकीच्या काचेवर आपटली. सगळा मजला क्षणभर हिरवा झाला, पलीकडे बायका देवाचा धावा करू लागल्या. ती लाट उतरून गेल्यावर गुलाबबाई पुटपुटल्या, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत असाव्यात.

"साध्वीजी चातुर्मासाला राहिल्या होत्या... त्यांना कुठला विस्तव? एकदा राखेचं पाणी घेतलं त्यांनी. राख कालवायची, पाण्याचा रंग पालटला पाहिजे. मग घटकाभर ठेवायचं, गाळायचं... की ते उकळल्यासारखंच."

"राख चालती?" चिमाबाई पुढे झाली.

"भंडाऱ्याकडची आणतो!" रिखबचंद उठलाच.

"नको. तिथं मांस शिजतं." एवढं बोलून गुलाबबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

चिमाबाईचा हात पदराच्या टोकाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

त्या टोकाला एक गाठ होती. मुंबईला बोटीवर चढताना रिखबचंदने तिची थट्टाही केली होती, "काय हिरे बांधलेत गं?" गाठीत घाटघरच्या चुलीतली राख होती. निघायच्या दिवशी सासू सारजाबाई जुन्नरपर्यंत चालत आली होती आणि पेढीसमोर, जुंपलेल्या गाडीपाशी उभी राहून तिने ती बांधली होती. "आपली चूल तुज्यासंगं देते. कुठं सांडू नगंस. माघारी आलीस की पहिली ही चुलीत टाकायची. राख घरी आली म्हंजी मानूस घरी आलं." चिमाबाईचा सासरा रखमाजी एकदा घाईघाईत गाठ न बांधता नाणेघाट उतरला होता. कोकणातून त्याचं घोंगडं तेवढं परत आलं.

रात्रभर बोट कण्हत होती तेव्हा चिमाबाईने ती गाठ मुठीत धरली होती. नाणेघाटाच्या कड्यावरून कधीकधी लांबवर काहीतरी चकाके. तो समुद्र, असं तिचा नवरा जानकू म्हणे. त्या चकाकीच्या पोटात आपण बसलोय आणि आपल्याला वर ओढून नेणारी एवढीच दोरी आहे, असं तिला वाटत होतं.

तिने गुलाबबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. नवकार मंत्राचा जप चालला होता, पण आवाज येत नव्हता.

खाऱ्या पाण्याने गाठ करकचून बसली होती. ती बोटांनी सुटेना, म्हणून चिमाबाईने दातांनी ओढली. अर्धी राख ठेवावी, असं मनात आलं. अर्धी तिने पाण्यात सोडली आणि हाताने कालवली. पाणी होतं तसंच दिसत होतं. मग डोळे मिटून तिने पदर झटकला, आणि पाणी भुरं झालं.

"ही राख कुठली?" गुलाबबाईंनी डोळे उघडले होते.

"घरची."

गुलाबबाईंची नजर कळशीवरून तिच्या पदराच्या चुरगळलेल्या टोकावर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"चिमा," मग त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात तुम्ही खेकडे भाजता."

"भाजतो. पर दिवाळीला जुनी चूल काढून नवी घातली. तिच्यावर भात आन् नाचनीच्या भाकरीबिगर कायबी चढलं न्हाई अजून."

"खरं?"

"तुमच्या नेमिनाथाची आन."

"काकी," घमेल्यातून आवाज आला, "खेकड्यांची चौकशी पुरे करा हो आता!"

कितीतरी वेळाने गुलाबबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

पण पाणी लगेच घ्यायचं नव्हतं. कळशी दोन्ही पायांत धरून चिमाबाई बसली. दर हेलकाव्याला ती कळशीबरोबर कले, कळशीबरोबर सावरे. वर कुठेतरी साखळ्या खणखणत होत्या. आभाळ असं भरून आलं, की समोरच्याचा चेहरा दिसेना. एक खलाशी आला आणि छताला कंदील अडकवून गेला. त्या उजेडाकडे पाहून गुलाबबाई म्हणाल्या, "बुडाला सूर्य. आता उद्या."

चिमाबाईने त्यांच्या भेगाळलेल्या ओठांकडे पाहिलं. उद्या कुणाचा?

"न्हाई बुडाला. ढग हाईत."

"तुला काय ठाऊक? तुला दिसतो का?"

"न्हाई दिसत." एवढं तिला कबूल करावं लागलं. मग ती एकदम म्हणाली, "सकाळी पयला घोट घ्यायच्या आदी तुमी हाताच्या रेगा बगता. रेगा दिसल्या की दिवस. मंग आता बी बगा की!"

गुलाबबाईंनी कंदिलाकडे पाठ केली आणि थरथरता तळहात खिडकीशी धरला. पाहिला, डोळे पुसून पुन्हा पाहिला, आणि हात खाली घेतला. "नाही दिसत."

"हात कापतोय तुमचा. माजा बगा."

"तुझ्या हातावर रेषा आहेत कुठं?"

ते खोटं नव्हतं. लेण्याद्रीच्या जत्रेत एका जोश्याने तिचा हात उलटासुलटा करून सोडून दिला होता. जात्याने नि कोयत्याने सगळं पुसून टाकलंय, वाचू काय, असं म्हणून. चिमाबाईने तोच हात काचेला टेकवून उघडला. राख कालवलेला तो हात तिने पुसला नव्हता. ओली राख वाळली होती आणि झिजलेल्या कातड्यात जिथे जिथे खोलवर काही उरलं होतं, तिथे भरून बसली होती. बाहेरच्या मळकट उजेडात एकेक रेघ भुरी-पांढरी उमटली होती. एक लांब, एक आडवी, अंगठ्याभोवती एक वळलेली.

गुलाबबाई पाहत राहिल्या.

"गाळ पाणी," त्या म्हणाल्या.

गाळणं दुहेरी करून चिमाबाईने वाटीवर धरलं. राख फडक्यावर राहिली, पाणी खाली उतरलं. पहिली वाटी गुलाबबाईंच्या हनुवटीवरूनच जास्त ओघळली. दुसरी पोटात गेली. तिसरीनंतर त्यांनी मान मागे टेकली आणि त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. पलीकडे रिखबचंद हुंदके देत होता. का, ते त्यालाच ठाऊक.

"तळाशी हाय अजून थोडं. घ्या."

"दिवस असेल नसेल आता. पुरे."

उरलेलं पाणीही चिमाबाईने गाळण्यात ओतलं, वाटीत आलेलं बाजूला ठेवलं, आणि फडकं धुवायला उचलू लागली. गुलाबबाईंनी ते धरलं. चिमाबाईने ओढलं, तर त्यांनी सोडलं नाही. मघाशी कापणाऱ्या त्या हातांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"जिथलं तिथं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फडक्याची चारही टोकं जुळवली. आतली ओली राख एका जागी दाबली, लिंबाएवढी झाली. मग चिमाबाईच्या पदराचं ते चुरगळलेलं टोक त्यांनी ओढून घेतलं, ती राख त्यात ठेवली आणि बोटं थांबत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत त्यावर गाठ मारली. एक, आणि तिच्यावर दुसरी.

"तुमाला कसं ठावं?" चिमाबाईने विचारलं.

"मी गाडीतच बसले होते की," डोळे मिटून घेत गुलाबबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूचा आवाज काही लहान नाही."

वारा अजून पडला नव्हता. कंदील छताखाली झोके घेत होता. चिमाबाईने गाठ मुठीत धरली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

झाली गोष्ट. आता मागणं. तुमच्या घरी पाणी गाळलं जातं आणि चूलही पेटते. उद्या चुलीतली राख ओढून टाकाल, तेव्हा चिमूटभर हातात घेऊन क्षणभर थांबा आणि घाटघरच्या चिमाबाईची आठवण काढा. बाकी काही नको.