क्रूसाला घातलेलं पाणी

भुईगावच्या दफनभूमीत बाबांची म्हणून एकच वस्तू उरली होती, लोखंडी क्रूस. कबर आमच्याकडे कायमची नसते. काही वर्षांनी ती उघडून दुसऱ्याला देतात. म्हणून आयचा सगळा जीव त्या क्रूसात. दर रविवारी मिस्सा संपली की ती कळशीभर पाणी ओतून तो धुवायची. पाणी घरच्या विहिरीचं, कारण ती विहीर बाबांनी स्वतः खणली होती. नळाचं पाणी म्हणे परक्याचं.

ती विहीर खारी झाली ती आमच्या ॲन्सेल्मकाकाच्या कृपेने. कुंपणापलीकडे त्याच्या विहिरीवर पंप सारखा चालू, आणि विरारच्या नव्या इमारतींकडे टँकरमागून टँकर. गोडं पाणी उपसलं, तसं जमिनीखालून समुद्राचं पाणी आत शिरलं. आमच्या केळींची पानं कडेने करपली. काका म्हणायचा, पाऊस कमी झाला. लाज म्हणून नाही माणसाला.

मृतांच्या दिवसाआधी आम्ही क्रूस रंगवायला गेलो. काकाही आला, भावाच्या कबरीवर डोळे पुसायला तो कधी चुकत नाही. आय बुडाशी खरवडायला बसली आणि क्रूस तिच्या हातातच आला. खाली लोखंड उरलंच नव्हतं. दरवर्षीच्या चंदेरी रंगाआड नुसता गंजाचा चुरा.

“समुद्राची हवा, वहिनी,” काका म्हणाला. “इथं लोखंड टिकत नाय.”

माझं डोकंच फिरलं. शेजारी म्हाताऱ्या रुडॉल्फचा क्रूस होता, त्याच साली, त्याच लोहाराने केलेला. रुडॉल्फच्या मागे कुणी नाही. त्याच्या क्रूसाला पाणी मिळतं ते पावसाचंच. तांबूस झाला होता, पण ताठ उभा होता.

“मग ह्याला हवा लागत नाय?” मी ओरडले. “तुझ्या पंपाने आमची विहीर खारी केली, काका! तेच खारं पाणी आय दर रविवारी बाबांच्या क्रूसावर ओतत आली. त्याने खाल्लं लोखंड!”

मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालेल. पण बघत होती ती आय, माझ्याकडे, क्रूस मांडीवर घेऊन.

“म्हणजे मीच ग, स्टेफी?”

काकाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

“तेच तर,” तो म्हणाला. “पाणी घालायलाच नको होतं, वहिनी.”