कपाटाचा पत्ता

फर्निचरवाल्या काकांची वेबसाइट मी सांभाळते. त्यांचा फोन आला आणि माझं डोकं सटकलं. माणूस कधी धड सांगेल तर शपथ.

"मॅडम, एक गिऱ्हाईक तक्रार करतंय. बायकोच्या मोबाईल नंबरवर कपाट मागवलं होतं. आपल्या साइटवर तो नंबर टाकला, तर नाव तिचंच येतंय, पण पत्ता भलताच."

"काका, पत्ता त्यांनीच चुकीचा दिला असेल," मी तोऱ्यातच म्हटलं.

तरी तपासायला बसले. नंबर टाकला, पत्ता बरोबर. पुन्हा टाकला, बरोबर. बराच वेळ सगळं सुरळीत, आणि मग एकदम दुसराच पत्ता. असले लपंडाव खेळणारे घोळ म्हणजे डोक्याला ताप. काकांची साइट ज्या सर्व्हरवर आहे, तिथे माझ्या दोन साइट आहेत, एकाच पीएचपी फ्रेमवर्कच्या, म्हणजे एकाच तयार सांगाड्यावर उभ्या. दोन्ही मी एकाच साच्यातून काढल्या, आतल्या तक्त्यांची नावंसुद्धा तीच ठेवली. आळस, दुसरं काय! प्रत्येक साइटने आपल्याच डेटाबेसचा पासवर्ड वाचायचा असतो. पण मी दोघींना एकाच प्रोसेसमध्ये, जणू एकाच खोलीत, कोंबलं होतं. गर्दी झाली की फर्निचरची साइट शेजारणीचा पासवर्ड उचलायची आणि तिच्या डेटाबेसमध्ये शिरायची.

शेजारीण म्हणजे माझ्या ताईची साइट. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांना ताई लपवून ठेवते. कोणाचा मोबाईल नंबर काय, कोण कुठल्या घरात आहे, ते सगळं त्यात असतं.

दोघींच्या प्रोसेस वेगळ्या केल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला, नंबर टाकत राहिले. आता पत्ता बदलत नव्हता. काम चोख झालं होतं आणि मला रडू येत होतं.

काकांना फोन लावला. "त्या गिऱ्हाइकाला काही सांगू नका."

"अहो, मिटलं ते. तक्रार नाही म्हणाला, उलट आभार मानले. त्या पत्त्यावर स्वतःच जाऊन बघतो म्हणाला."

"कधी?"

"आज सकाळीच निघाला की."

ताईला फोन लावला, ती त्याच पत्त्यावरच्या घरात होती; तिला एका दमात सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"त्याची बायको आहे ना तिथे?" मी विचारलं.

"दूध आणायला खाली गेलीय," ताई म्हणाली. "बराच वेळ झाला."

"मग फोन लाव तिला."

"तिचा मोबाईल इथेच आहे. चार्जिंगला."