शेततळ्यातले रसिक

स्टीफनने शिडीच्या वरच्या पायरीवर बसून आधी पाण्याचा कॅन खाली उतरवला, मग जेवणाचा डबा, मग सतरंजी. एवढा सगळा ऐवज सुखरूप तळाशी पोचल्यावर त्याने बायकोला हात दिला.

“अहो, पण हे तळं आहे,” एस्तेर म्हणाली.

“होतं. आता गॅलरी आहे.”

काठावर तसा फलकच होता. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून त्याच्या पाठीवर ‘गॅलरी’ असं रंगवलं होतं. वारा आला की फ्लेक्स वळायचा आणि वाढदिवसवाले साहेब हात जोडून तळ्यात डोकवायचे.

कर्जतच्या अलीकडे, माळावर, दर मे महिन्यात मोठा संगीत महोत्सव भरायचा. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे उभे राहणारे, असा समाजाचा नकाशाच तिथे मांडलेला असे. स्टीफन या नकाशाच्या बाहेरचा. साखर कारखान्याच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून तो दर वर्षी एस्तेरला घेऊन नगरहून एसटीने येई, दोघांचंही अर्धं तिकीट, आणि महोत्सव कुंपणाबाहेरून ऐके. एका वर्षी कडब्याच्या गाडीवर बसून. गेल्या वर्षी रसवंतीच्या मागे, जिथे तबल्याला चरकाचे घुंगरू साथ करत होते. स्टीफनच्या मते साथ चांगली जमली होती. तो अर्ध्या बादलीत आंघोळ करणारा माणूस होता. त्याहून जास्त पाण्यात तो आयुष्यात कधी उतरला नव्हता.

“यंदा निदान खुर्ची घ्या,” एस्तेर घरून निघताना म्हणाली होती. “गुडघा दुखतो माझा.”

“खुर्चीने कंबर जाते,” स्टीफन म्हणाला होता. “गुडघा की कंबर, तूच ठरव.”

यंदाची गॅलरी मच्छिंद्रची कल्पना. त्याचं शेत मैदानाला लागून. उन्हाळ्यात त्याने शेततळ्याचा कागद बदलला होता. कागद म्हणजे तळ्यात अंथरतात ते काळं, जाड प्लास्टिक. कालव्याचं आवर्तन सुटून विहिरीला पाणी येईपर्यंत तळं रिकामं, आणि रिकामी वस्तू पाहवत नाही असा मच्छिंद्रचा स्वभाव. तळाशी एखाद्या वर्गखोलीएवढी सपाट जागा, चारी बाजूंनी काळा गुळगुळीत उतार, वर तारेचं कुंपण. उतारावर कुणी बसू शकत नव्हतं. बसलं की घसरून आपोआप तळाशी येई. सगळे रसिक त्यामुळे एका पातळीवर होते.

“आवाज बगा, काका, कसा भांड्यात साटतो,” मच्छिंद्र वरून म्हणाला. “सोफ्यावाल्यांचा निम्मा वाऱ्यावर जातोय.”

“दिसेल का काही?”

“गानं ऐकायचं असतंय, काका. बगायला टीव्ही हाय की घरी.”

एस्तेर तळ्याच्या कडा न्याहाळत होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली होती. शेततळ्यातून काढून आणलेली माणसं तिने पाहिली होती, आणि त्यांची नखं पाहिली होती. कागद ओरबाडून नखांत काळं बसलेलं असायचं.

“मच्छिंद्र, काठाला दोर असतात ना? ट्यूब बांधलेले?”

“पार्किंगला लावलेत, मावशी. पानीच न्हाई, तर दोर कशाला?”

मच्छिंद्रने शिडी वर ओढून घेतली. “फुकटे शिरत्यात,” त्याने खुलासा केला. “मध्यंतराला येतो, कुनाला लघवी-बिघवीला जायचं तर.” मग कुंपणाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि तो गेला. पार्किंगला जमीन दिल्याबद्दल त्याला पहिल्या रांगेतल्या सोफ्याचा पास मिळाला होता.

सुरुवातीला भाषणं झाली. विजेच्या बाबतीत खास व्यवस्था केल्याचं एका पाहुण्याने जाहीर केलं. शेवटचा सूर संपेपर्यंत या परिसरातली लाईट जाणार नाही, शब्द आहे! मैदानात टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या तळ्यातून आल्या. शेतीची लाईट कधी येते आणि किती टिकते, हे तिथे बसलेल्यांइतकं कुणाला माहीत असणार?

मग गाणं सुरू झालं, आणि मच्छिंद्र खोटं बोलला नव्हता. तळातून मोठ्या पडद्याचा वरचा काठ तेवढा दिसत होता, म्हणजे गायिकेचं कपाळ आणि गजरा. पण आवाज चारी उतारांवरून खाली येऊन मांडीवर बसावा तसा येत होता. एस्तेरने गुडघा लांब केला आणि डोळे मिटले. स्टीफनने तिच्याकडे बघितलं आणि डबा उघडला. भाकरी, ठेचा, उकडलेली अंडी. शेजारच्या वस्तीवरच्या मुक्ताबाईंनी पदरातले फुटाणे पुढे केले.

“घ्या, बाई. बाहेर मूठभराला सोन्याचा भाव हाय.”

“हे कॅनमधलं पाणी घ्या,” स्टीफन म्हणाला. “पण जपून. घरचं आहे.”

ऊन अजून कागदावर होतं. काळं प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं. तेवढ्यात समोरच्या काठावरचा पाइप खोकला. काठावरून हातभर आत आलेलं त्याचं तोंड एकदा थरथरलं, हवा सुटली आणि मनगटाएवढी पांढरी धार खाली कोसळली.

तळ्यात एकच जल्लोष झाला. लोकांनी चपला काढल्या. पोरींनी तोंडं धुतली. कुणी उतारावर पाणी उडवून घसरगुंडी केली. एस्तेरच्या पायाशी पाणी आलं, तेव्हा तिनेसुद्धा नको-नको म्हणत टाचा भिजवल्या.

“सोफ्यावाल्यांना आहे का ही सोय?” स्टीफनने विचारलं.

मुक्ताबाईंचं चावणं थांबलं होतं. त्या पाइपाकडे बघत होत्या.

“आवर्तन सुटलं जनू,” त्या म्हणाल्या. “आन् लाईट आली. मोटर आटोवर हाय त्याची.”

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून ऑटोचं बटण लावून ठेवायचं आणि विसरून जायचं, ही निम्म्या तळ्याच्या घरची रीत होती. आताही त्यांच्या घरच्या मोटरी तशाच, त्यांच्यावाचून, चालू झाल्या असतील.

“जाईल की लाईट,” एकजण म्हणाला. “कवा टिकलीय?”

सगळ्यांनी माना हलवल्या. लाईट जाण्यावर या लोकांची श्रद्धा जुनी होती आणि तिने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

सुनील नावाचा तरुण पँट वर दुमडत उभा होता. तो दुमडायचा थांबला.

“आज न्हाई जानार,” तो म्हणाला. “आत्ता भाषनात सांगितलं की. टाळ्या वाजवल्या आपुन.”

गाण्याची लय वाढली होती.

मग सगळे एकदम उद्योगाला लागले. मोबाईल काढले, महोत्सवाची एवढी गर्दी की रेंज नव्हती. सुनीलने पळत येऊन उतारावर झेप घेतली. अर्ध्यात पोचला, क्षणभर कोळ्यासारखा चिकटला आणि पोटावरून परत आला. कोरडा कागद कदाचित चढता आला असता. पण तो त्यांनीच खेळून भिजवला होता. तिघं एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले. खालच्याचे पाय सुटले आणि तिघंही पाण्यात बसले. बायकांनी ओढण्यांना गाठी मारून दोर केला, टोकाला चप्पल बांधून कुंपणाकडे फेकला. चप्पल दर वेळी काठाला टेकून, विचार केल्यासारखी थांबून, खाली यायची.

पाणी एस्तेरच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. सतरंजी तरंगायला लागली होती. स्टीफनने ती घडी घालून खांद्यावर टाकली.

“ओरडा,” एस्तेर म्हणाली. “सगळे मिळून. गाणं संपलं की लगेच.”

गाणं संपलं. मैदानात टाळ्या सुरू व्हायच्या आधीच तळ्यातून आरोळी उठली. म्हातारे, बायका, पोरं, सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून हाका मारल्या. मच्छिंद्र, शिडी, मोटर, वाचवा. चारी उतारांवरून त्या हाका फिरल्या, एकमेकींत मिसळल्या आणि भांड्यातून वर गेल्या त्या नुसता गलका होऊन.

गायिकेने माईकवर हात ठेवला.

“तिकडे मागे, शेततळ्यात बसलेत ना मंडळी?” तिचा आवाज भरून आला होता. “मला आत्ताच कळलं. काय ही गाण्याची ओढ! समोरच्यांनो, जरा शिका त्यांच्याकडून.”

सोफ्यांवरून हशा आला.

“एवढा प्रतिसाद असेल, तर मी मध्यंतर घेत नाही. गातच राहते.”

मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्या टाळ्यांत मच्छिंद्रच्याही असणार. आपल्या गॅलरीचं नाव स्टेजवरून निघालं म्हणून त्याने शेजाऱ्याला कोपरखळीही मारली असेल.

सूर्य कलला. धार तशीच होती, ना कमी ना जास्त. सुनीलने पुन्हा ओरडायला तोंड उघडलं, तेव्हा मुक्ताबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“गप, मुडद्या. तू वरडशील तवर ती गाईल. ती गाईल तवर लाईट जानार न्हाई.”

ते सगळ्यांना पटलं. माणसं एकमेकांना खुणा करू लागली. रडणाऱ्या लेकरांना आयांनी खांद्यावर घेऊन छातीशी दाबलं. उंच होते ते मध्ये उभे राहिले, बुटक्यांनी त्यांचे दंड धरले. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. मैदानात टाळ्या झाल्या आणि तळ्यातून काहीच आलं नाही. पाइपाच्या धारेचा आवाज तेवढा येत होता, आणि तो काठाच्या वर पोचत नव्हता. पाणी एस्तेरच्या कमरेला लागलं होतं. स्टीफनने तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं नाही. पाण्यात तो दुखत नव्हता.

तानपुरा चालू होता. गायिका थांबली होती.

“संपवते बहुतेक,” स्टीफन कुजबुजला.

तळ्यात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

“मागची मंडळी गप्प झाली,” माईकवरून आवाज आला. “माझं काही चुकलं का? मघाशी केवढी दाद देत होता.” मग ती हसली. “कळलं मला. घाईघाईत गायले, म्हणून रुसलात. बरं, आता फक्त तुमच्यासाठी. अगदी सावकाश. विलंबित. मला कुठली आज घाई आहे?”

वरचा फ्लेक्स वाऱ्याने वळला. वाढदिवसवाले साहेब संधिप्रकाशात हात जोडून उभे राहिले.

पहिला षड्ज लागला. तो उतारांवरून खाली आला आणि पाण्यावर पसरला. असा सूर एस्तेरने खुर्चीतून कधी ऐकला नव्हता, आणि कुंपणाबाहेरूनही नाही.

स्टीफनने डोक्यावर धरलेला कॅन खाली घेतला. आट्यांचं झाकण उघडलं. घरून, नळाला पाणी आल्यावर भरून, एसटीत मांडीवर ठेवून, चढउतार करत आणलेलं ते पाणी अजून अर्ध्याहून जास्त होतं. त्याने कॅन उलटा केला आणि ते सगळं तळ्यात ओतून दिलं. एस्तेर बघत राहिली. लग्नापासून आजपर्यंत या माणसाने तिच्यासमोर तांब्याभर पाणीसुद्धा वाया घालवलं नव्हतं.

त्याने झाकण फिरवलं, घट्ट केलं, पुन्हा फिरवलं. मग डब्याच्या फडक्याने कॅन तिच्या पोटाशी बांधायला लागला. विहिरीवर पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात तसा.

“आणि तुम्ही?” तिने विचारलं.

“मला येतं की पोहायला,” स्टीफन म्हणाला.

एस्तेरने झाकण एकदा स्वतः तपासलं. मग पाण्याखाली त्याचा हात शोधला आणि कॅनच्या मुठीवर नेऊन ठेवला.