शेंदूर फासलेला मीटर

मित्रांनो, जुना म्हणून मला हिणवू नका. इथे हिणवण्याचं काम माझं आहे. मी वडीगोद्रीतल्या रामरावांच्या तेलगिरणीतला मीटर. सरकीचं कच्चं तेल नळाने शेजारच्या रिफायनरीला विकलं जातं, ते माझ्या पोटातून जातं. किती लिटर गेलं, ते मी आपोआप काचेवर दाखवतो.

मी येण्याआधी टाकीत पट्टी बुडवून तेल मोजायचे. गिरणीवाल्यांना ओली खूण वर दिसे, रिफायनरीवाल्यांना खाली, आणि रोज तोंडाला तोंड लागे. मी आलो आणि दोन्हीकडची तोंडं बंद झाली. रामराव पाहुण्यांना चहाआधी मला दाखवायचे.

माझ्या डोक्यावर एक टोपी आहे आणि टोपीला बारीक भोक. पंप तेलाबरोबर हवाही ओढतो; ती हवा त्या भोकातून निघून जाते, म्हणून मी नुसतं तेलच मोजतो. एवढी साधी गोष्ट! पण साधी गोष्ट आत शिरायला आधी डोकं उघडं लागतं.

माझी झडप उघडायला आणि मला पुसायला म्हस्कू होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. कोकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचा. बाकीच्यांनी मला कधी फडकं लावलं नाही.

मग खंडेनवमी आली. हत्यारं, यंत्रं पुजायचा दिवस. दरवर्षी हळदकुंकू असायचं. यंदा रामरावांची भक्ती उतू गेली. त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या टोपीवर बोटबोटभर थापला. हार घातला, नारळ फोडला, आणि माझं भोक बुजवून माझ्यापुढेच हात जोडले. असे भक्त वैऱ्यालाही मिळू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून अडकलेली हवा मी तेल म्हणून मोजू लागलो. माझ्या काचेवर तेल जास्त, रिफायनरीच्या टाकीत कमी. वाटेत तेल गेलं कुठे? रामरावांनी भर अंगणात हमाल, ड्रायव्हर, सगळे गोळा केले.

"म्हस्क्या, तेल कुठं मुरलं?"

"मालक, लेकराची आण, थेंब न्हाई नेला. मीटरचंच काहीतरी बिघडून राह्यलंय."

"मीटर खोटं बोलंल व्हय? त्याला कुठं पोट हाय? पोट तुला हाय!"

सगळे हसले. काचेवरच्या आकड्यापुढे माना डोलवणारी ही शहाणी माणसं. माझ्या डोक्यावर काय थापलंय, ते एकानेही वर मान करून पाहिलं नाही. म्हस्कूला त्याच दिवशी कामावरून काढलं. त्याची बायको जयवंताबाई चक्कीवर दळण न्यायची, तिथेही बाया तिला पाहून गप्प होऊ लागल्या. म्हस्कूला हे सगळ्यात जास्त लागलं.

पुढे रिफायनरीने मीटर तपासणारी शीतल बोलावली. तिने टोपीवर नख मारलं.

"हे काय लावलंय?"

"देवाचं हाय ते, ताई," रामराव म्हणाले.

"देवाचं असंल. पण खाली हवेची वाट हाय, ती बुजवलीत."

तिने शेंदूर खरवडला, भोक मोकळं केलं. मी सुस्कारा सोडला. नंतर मोजून पाहिलं तर दोन्हीकडचं तेल बरोबर जुळलं. रामरावांचा चेहरा शेंदरापेक्षा लाल झाला.

त्यांनी म्हस्कूला हळूच माझ्यापाशी बोलावून घेतलं. आजूबाजूला कुणी नाही, बघून घेतलं.

"झालं गेलं सोड, म्हस्कू. उद्यापासून ये कामावर."

म्हस्कूने माझ्यावर एकदा हात फिरवला.

"चोर म्हणलात तवा सारं अंगण गोळा केल्तं, मालक. आता एकल्याला बोलावून राह्यलात. ती माणसं बोलवा, त्यांच्यापुढं बोला. मंग येतो."

रामराव हिशेबाची वही उघडून बसले; त्या माणसांना काही त्यांनी बोलावलं नाही. म्हस्कू आता शहागडला ट्रक धुतो.

मित्रांनो, यंत्राची निगा राखायला एक फडकं पुरतं. माणसाची अब्रू मात्र जिथे घालवली, तिथेच परत द्यावी लागते. ते जमत नसेल, तर निदान माझ्यापुढे हात जोडू नका. मला किळस येते.